पेनड्राइव्ह, तीन सिस्टिम आणि न मिळणारा पासवर्ड

लॅबमध्ये उबंटू लिनक्स, घरी विंडोज आणि व्हिडिओ एडिट करून देणाऱ्या मित्राकडे मॅक, ही वाटणी पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना नवी नाही. लॅबच्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड मिळत नाही, आणि एरवी त्याचं काही अडतही नाही. समोर बसून लॉगिन केलेल्याला पेनड्राइव्ह माउंट करू (म्हणजे जोडून उघडू) देण्याची सोय लिनक्सच्या डेस्कटॉपवर केव्हाच झाली. अडतं ते पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा, म्हणजे त्यावर फाइली मांडायच्या पद्धतीचा, ड्रायव्हरच (ती वाचणारा प्रोग्रॅमच) नसला की. तो टाकायला सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागतं.

फॅट३२ हे १९९६ मध्ये आलेलं फॉरमॅट आज सगळीकडे चालतं, पण एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. विंडोजचं एनटीएफएस मॅक वाचतो, मुळात लिहीत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फाइलचा मालक आकड्याने नोंदवतात. कॉलेजच्या मशीनवर तोच आकडा दुसऱ्याच कुणाचा असतो, मग परवानग्या बदलायला पुन्हा रूट, म्हणजे ॲडमिनच.

मायक्रोसॉफ्टचं एक्सफॅट २००६ मध्ये फ्लॅश मेमरीसाठीच (पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड वगैरे) आलं. त्यात मालक-परवानग्यांची भानगड नाही आणि ४ जीबीची अटही नाही. २००९ मध्ये एसडीएक्ससी, म्हणजे मोठ्या क्षमतेच्या एसडी कार्डांसाठी तेच ठरलं, २०१० मध्ये मॅकनेही घेतलं. लिनक्स मात्र मागे राहिलं, आणि त्याला कारण मायक्रोसॉफ्टच्या पेटंटचं होतं. परवाना फी मागणारं तंत्र जीपीएल या खुल्या परवान्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बसवायचं कसं? ही भीती हवेतली नव्हती: २००९ मध्येच फॅटच्या लांब फाइलनावांच्या पेटंटवरून एका जीपीएस उपकरणांच्या कंपनीवर खटला भरला गेला होता. २०१३ मध्ये एका फोन कंपनीचा एक्सफॅट ड्रायव्हर जीपीएलखाली बाहेर आला, तरी मुख्य कर्नलने तो घेतला नाही. तोवर एक्सफॅट हवं तर वेगळं पॅकेज टाका, म्हणजे लॅब असिस्टंटच्या मागे लागा. एसडी कार्डावर जगभर लादलेलं फॉरमॅट इतकी वर्षं कुलपात ठेवणं ही माझ्या मते निव्वळ अडवणूक होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये पेटंटवाल्या कंपनीनेच तपशील खुला करून कर्नलमधल्या समावेशाला पाठिंबा दिला. त्याच वर्षी कर्नलच्या ५.४ आवृत्तीमध्ये कच्चा ड्रायव्हर आला, २०२० च्या ५.७ मध्ये धड. २०२१ च्या ५.१५ मध्ये एनटीएफएसचाही नवा ड्रायव्हर आला. पण उबंटू १८.०४ मूळच्या ४.१५ कर्नलवर चालवणाऱ्या लॅबला यातलं काहीच मिळत नाही. मॅकही सांभाळायचा तर तिथे मोठी फाइल तुकडे करून फॅट३२ वरच न्यावी लागते.