मालगुजारी तलाव

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही प्रमाणात नागपूर या जिल्ह्यांत धानशेतीसाठी व गावाच्या वापरासाठी बांधलेल्या मातीच्या पाळीच्या जुन्या जलाशयांना मालगुजारी तलाव म्हणतात. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. सरकारी कागदपत्रांत ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे संक्षिप्त रूप होऊन त्यांचा उल्लेख ‘मामा तलाव’ असा केला जातो. या जलाशयांपैकी लहान असलेल्यांना बोडी म्हणतात. एकेका गावाच्या शिवारात एक तलाव आणि दोनचार बोड्या असणे येथे नवलाचे नाही.

नाव मालगुजारांचे, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांचे, असले तरी हे तलाव मालगुजारीपेक्षा जुने आहेत. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन देण्याचे धोरण ठेवले होते, अशी परंपरा आहे. सिंचनात व ऊस पिकविण्यात वाकबगार असलेल्या कोहळी समाजाने या संधीचा सर्वाधिक उपयोग केला. गोंड राजांनी काशीहून आपल्याला येथे आणले, असे हा समाज सांगत आला आहे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नवेगावबांधचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील खिंडी बांधून तो विस्तीर्ण तलाव तयार केल्याचे सांगितले जाते. भोवतालची सात शिखरे ‘सात बहिणी’ म्हणून ओळखली जातात. त्यांनी कोलूला बांधकामात साहाय्य केले अशी श्रद्धा असून खुद्द कोलू कोलासूर या नावाने देवत्व पावला आहे. गवंडीकामाची एवढी मोठी पावती क्वचितच कुणाला मिळाली असेल.

या भागात पाऊस सरासरीने भरपूर, म्हणजे साधारण 1200 ते 1400 मिलिमीटर पडतो. मग तलावांची गरज काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर धानाच्या स्वभावात आहे. रोवणी पाऊस लांबल्यामुळे खोळंबते, आणि लोंबीत दाणा भरण्याच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पंधरा दिवसांची उघडीप पडली तरी हाती आलेले पीक जाते. तलाव हा त्या पंधरवड्याचा विमा होता. वर्षभर पाणी पुरवणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याची रचना समजत नाही.

ही रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. उताराच्या आडवी मातीची पाळ घातली जाते, आणि तलाव भरला की जादा पाणी पाळीवरून न जाता बाजूच्या सलंगातून, म्हणजे सांडव्यातून, निघून पुढच्या बोडीत किंवा नाल्यात उतरते. शेतीसाठी पाणी सोडण्याच्या जागेला तुडूम म्हणतात. त्याला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे असतात आणि पाण्याची पातळी उतरेल तसतसे खालचे छिद्र मोकळे केले जाते. पुढे पाणी पाटाने आणि एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यातून, दुसऱ्या बांधीत उतरत जाते. पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या ओलसर तळात घेतल्या जाणाऱ्या पिकाला गाळपेर म्हणतात. याखेरीज गुरांचे पाणी, धुणे, शिंगाडा आणि ढीवर समाजाची मासेमारी यांसाठी तलाव वापरात असतात. गावच्या विहिरींना पाणी टिकते तेही तलावाच्या पाझरामुळे, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा आधारही अप्रत्यक्षपणे तोच असतो.

ब्रिटिश काळात मालगुजार गावचा मालक ठरला, तरी गावकऱ्यांचे पाण्यावरील निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजांसाठी वापराचे हक्क, वाजिब-उल-अर्ज या गावनोंदीत लिहिलेले असत. दुरुस्तीची जबाबदारी मालगुजाराची असे आणि श्रम गावाचे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण त्या श्रमांत वेठही होती. मात्र पाळ फुटली तर कोणी धावायचे हे ठरलेले होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता; त्या शासनाचा 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा 1951 मध्ये अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर सरकारने पाणीपट्टी मागितली, तर गावकऱ्यांनी निस्तार हक्काकडे बोट दाखवून ती देण्यास विरोध केला. लहान तलाव जिल्हा परिषदांकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालकी बदलली, पण गाळ काढण्याचे काम नेमके कोणाकडे गेले हे कागदावरच राहिले. पाळी खचल्या, तळात बेशरम ही तणवनस्पती माजली आणि कोरड्या पडलेल्या काठावर अतिक्रमणे झाली.

2017 मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कार्यक्रमांमुळे गाळ उपसण्याला पुन्हा चालना मिळाली. गाळ शेतात गेला की जमीन सुधारते, यात शंका नाही. तथापि यंत्राने तुडुमाच्या पातळीखाली केलेल्या खोदाईत साठणारे पाणी आपोआप शेतात उतरत नाही, आणि काठाचा मंद उतार खरवडला गेला की तेथील पाणवनस्पतीही जातात. या वनस्पतींतच देशी मासे अंडी घालतात आणि पाणपक्षी चरतात. म्हणून भंडारा-गोंदिया भागातील काही तलावांत ढीवर मच्छीमारांनी बेशरम उपटून, तळाची नांगरट करून, देशी पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली आहे.