तागावरच्या ठिपकेदार पतंगाची पार्श्वभूमी

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या जुन्या शेतकऱ्याला तागावरची केसाळ अळी चांगली ठाऊक असते; तिच्यातून निघणारा पतंग मात्र फार थोड्यांनी निरखलेला असतो. वास्तविक तो भरदिवसा उडतो. तागातून चालताना पायापाशी पांढरे काहीतरी फडफडते आणि चार हातांवर गवतात बसते. दबकत जवळ जावे. दुधी पंखांवर काळे ठिपके आणि त्यांच्या अधूनमधून लालभडक ठिपके, पंख पसरले तरी जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर. टायगर मॉथ गटातला हा युटेथेइसा पुल्केला. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच त्याचे वर्णन केले. आपल्याकडच्या नोंदी बऱ्याच नंतरच्या: कर्नल स्विनहो यांनी मुंबई आणि दख्खनमधल्या फुलपाखरा-पतंगांवर १८८५ मध्ये लिहिले.

पण या पतंगाचा खरा इतिहास तागाशी बांधलेला आहे. ताग पाण्यात कुजवायचा, सोलायचा, वाख काढून दोर वळायचे. कर्नाटकी बेंदराला बैलाचा नवा कासरा, नवी म्होरकी त्याचीच. त्यासाठी पीक शेतात पुरते वाढू द्यावे लागे, शेंगा धरत आणि अळीला पाल्यासोबत कोवळे दाणेही मिळत. पुढे नायलॉनचे दोर आले. आता ताग पेरतात तो बहुधा उसाआधी हिरवळीच्या खतासाठी, आणि दीड-दोन महिन्यांत, फुलावर येताच गाडून टाकतात.

शेंगांचे महत्त्व मोठे आहे. ताग आणि त्याच्या भावकीतला रानटी खुळखुळा यांत विषारी अल्कलॉइडे असतात, दाण्यांत सर्वाधिक. अळी ती पचवून अंगात साठवते आणि पतंगातही ती उतरतात. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी केलेले काम मला विलक्षण वाटते: जाळ्यात अडकलेला असा पतंग कोळी खात नाही, उलट भोवतालचे धागे तोडून त्याला मोकळा करतो! नर हे विष मिलनावेळी मादीला देतो, मादी ते अंड्यांत घालते. ते भडक ठिपके म्हणजे शत्रूला उघड इशारा.

ताग गाडल्यावर अळीला आसरा उरतो तो बांधावरच्या खुळखुळ्याचा. तिथेही आता तणनाशक मारतात. ही अळी उसाला तोंड लावत नाही, तेव्हा बांधावरची चार झुडपे तरी राहू द्यावीत.