दोन मुलांचा दाखला : ‘जातो’ म्हणणारा मुलगा कोण?

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या 21व्या अध्यायातला हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा. बाप दोन्ही मुलांना म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. एक ‘नाही’ म्हणतो, मग पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. एवढंच वाचलं तर घरातल्या दोन पोरांची गोष्ट वाटते. ती कुणापुढे सांगितली गेली हे कळलं, की अंगावर येते.

स्थळ यरुशलेमचं मंदिर. आदल्याच दिवशी येशूने तिथल्या सराफांचे चौरंग पालथे केले होते. मुख्य याजक आणि वडीलजन जाब विचारायला आले : हे कोणत्या अधिकाराने? येशूने उलट विचारलं, लोकांना पश्चात्तापाला बोलावणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा देवाकडून होता की माणसांकडून? त्यांनी आपसात हिशेब मांडला. देवाकडून म्हणावं, तर मग विश्वास का ठेवला नाही, असं विचारेल. माणसांकडून म्हणावं, तर लोक खवळतील. शेवटी म्हणाले, ‘आम्हांला ठाऊक नाही.’ त्यावर लगेच हा दाखला आला.

ऐकणाऱ्यांना त्यातली खूण ओळखीची होती. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 5व्या अध्यायात द्राक्षमळा म्हणजे इस्राएल. आणि ‘जातो’ म्हणून न जाणंही जुनंच. सीनाय पर्वतापाशी लोकांनी एकमुखाने सांगितलं होतं, परमेश्वर बोलला ते सगळं करू; मोशे डोंगरावरून उतरायच्या आत सोन्याचं वासरू उभं राहिलं. शमुवेल संदेष्ट्याने शौल राजाला सुनावलं ते याच दुखण्यावर : यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं.

मूळ ग्रीकमध्ये दुसऱ्या मुलाचं उत्तर दोनच शब्दांचं आहे : ‘एगो, कुरिए’, म्हणजे ‘मी, महाराज’. त्यात ‘जातो’ हे क्रियापदच नाही! ते आपण भाषांतरात घालतो. आणि ‘कुरिए’ हा शब्द 7व्या अध्यायातल्या ‘प्रभूजी, प्रभूजी’मध्येही आहे, जिथे येशू बजावतो की असं म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईलच असं नाही.

हाताने प्रती उतरवणारे लेखनिकही इथे अडखळलेले दिसतात. चौथ्या शतकातल्या सीनाय हस्तलिखितात ‘नाही’ म्हणणारा आधी येतो, त्याच शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात ‘हो’ म्हणणारा. बेझा हस्तलिखितात तर ‘नाही’ म्हणणारा आधी असूनही, बापाची इच्छा कोणी पाळली, या प्रश्नाला याजकांचं उत्तर ‘शेवटचा’, म्हणजे न गेलेला! असा पाठ बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोम यालाही माहीत होता. तो म्हणतो, हा पाठ खरा मानला तर याजकांनी कळूनसवरून उत्तर चुकवलं.

ख्रिसोस्तोमसारख्या प्राचीन ख्रिस्ती उपदेशकांनी ‘नाही’ म्हणून गेलेला तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेला, आणि न गेलेला तो यहूदी, अशी वाटणी केली. मला हे वळण दुःखद वाटतं. त्यामुळे ख्रिस्ती मंडळीला आज्ञाधारक मुलाची जागा आयती मिळाली आणि दाखल्याची धार भलत्याच दिशेला गेली. येशू यहूदी, योहान यहूदी, आणि दाखल्याच्या शेवटी येशू ज्यांचं उदाहरण देतो, ते योहानाचं ऐकून वळलेले जकातदारही यहूदीच. आणि योहानाने त्या जकातदारांना काय सांगितलं होतं, ते लूक आपल्या शुभवर्तमानात नोंदवतो : ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. जकातीचा नाका सोडा म्हणाला नाही, नवस बोलायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नाक्यावर बसून, समोरच्या व्यापाऱ्याकडून नेमके तेवढेच पैसे मोजून घ्यायचे होते.