पार्श्वभूमी : होमस्टेडिंग आणि टोमॅटोच्या बरणीचा वाद

अमेरिकेत होमस्टेडिंग, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः पिकवून-साठवून राहणं, शिकायला निघालेला माणूस वाफे, कंपोस्ट आणि कोंबड्या झाल्या की बरण्यांपाशी येतो. बाकी कौशल्यांत चुकलं तर पीक जातं, फार तर कोंबडी जाते. कॅनिंगमध्ये, म्हणजे अन्न बरणीत भरून, तापवून हवाबंद करण्यात, चुकलं तर जेवणाऱ्याच्या जिवावर बेततं. म्हणूनच या चळवळीतला सर्वांत चिवट वाद बरणीबंद अन्नाचा आहे.

160 एकर सरकारी जमीन पाच वर्षं कसून नावावर करून देणारा अमेरिकेचा 1862 चा होमस्टेड कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्या वसाहतकऱ्यांची साठवण मुख्यतः वाळवण, खारवण, धुरी आणि तळघर यांवर चालायची. आट्यांच्या तोंडाच्या काचेच्या बरणीचं पेटंट 1858 चं असलं, तरी ती घरोघरी पोचायला वेळ लागला. अन्न बाटलीत भरून उकळण्याची रीत फ्रान्समध्ये 1810 मध्येच छापून आली होती. ती का चालते हे मात्र पुढची काही दशकं कुणालाच सांगता येत नव्हतं. उकळलं की सगळं मरतं, हा समज त्याच काळातला.

1895 मध्ये बेल्जियममध्ये अंत्यविधीनंतरच्या जेवणात हॅममधून विषबाधा झाली, आणि तिच्या तपासात बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, जंतू हाती लागला. त्याचे बीजाणू 100 अंश सेल्सियसच्या उकळीला दाद देत नाहीत. उलट हवा नसलेली, ओलसर, आंबट नसलेली बरणी त्यांना आयतीच मिळते. आंबटपणाचं माप म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकं अन्न आंबट. तो 4.6 च्या खाली असेल तर बीजाणू रुजत नाहीत. त्यावर असेल तर 116 ते 121 अंश तापमान लागतं, आणि ते दाबाखालच्या वाफेतच मिळतं. 1917 मध्ये अमेरिकेच्या शेतकी खात्याने भाज्या आणि मांसासाठी प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखालच्या वाफेत तापवणारं मोठं भांडं, हाच मार्ग ठरवला. पण तो महाग. दुसऱ्या महायुद्धात तर धातूच मिळेना, आणि नेमक्या त्याच काळात घरगुती कॅनिंग शिगेला पोचलं. परिणामी हिरव्या शेंगांच्या बरण्या तीन तास उकळत्या पाण्यात ठेवायची सवय पुढेही टिकली. 1970 च्या दशकात शहरं सोडून शेतावर आलेल्या तरुणांनी कॅनिंग शिकलं ते आजीच्या वहीतून, म्हणजे याच सवयींसकट. 1975 मध्ये एकदाच वापरायच्या झाकणांचा तुटवडा पडला तेव्हा वापरलेली झाकणं पुन्हा लावण्याचे उद्योगही झाले.

मग 1988 ची सरकारी मार्गदर्शिका आली आणि तिने टोमॅटोला हात घातला. तोवर टोमॅटो आंबट फळ समजून नुसत्या उकळत्या पाण्यात बरणीबंद होत असे. नवा नियम असा : क्वार्टच्या, म्हणजे साधारण 950 मिलीच्या बरणीत बाटलीतल्या लिंबूरसाचे दोन मोठे चमचे किंवा सायट्रिक ॲसिडचा अर्धा चहाचा चमचा घालायचा, पाइंटच्या, म्हणजे अर्ध्या क्वार्टच्या, बरणीत याच्या निम्मं. ताजं लिंबू चालत नाही, कारण त्याचा आंबटपणा फळागणिक बदलतो. ठेचलेल्या टोमॅटोचा क्वार्ट नंतर उकळत्या पाण्यात 45 मिनिटं ठेवायचा, तोही समुद्रसपाटीपासून 1000 फुटांपर्यंतच्या उंचीवर. त्यापुढे वेळ वाढते.

यावर ओरड झाली, ती अजून थांबलेली नाही. संकरित जातींनी आंबटपणा घालवला, आमच्या देशी वाणांना हा नियम कशाला, असा एक युक्तिवाद असतो. तो टिकत नाही. जुन्या वाणांतही काहींचा पीएच 4.6 च्या आसपास निघतो, आणि अतिपिकलेल्या किंवा थंडीने मेलेल्या वेलावरच्या फळांत तो आणखी चढतो. दुसरा युक्तिवाद प्रेशर कॅनरचा : दाब दिला की आम्ल नको. इथेच जाणकारही फसतात. टोमॅटोसाठी दिलेल्या दाबाच्या वेळा आम्ल घातलेल्या फळासाठीच काढल्या आहेत, त्यामुळे आम्ल दोन्हीकडे लागतंच. चव बिघडली तर चिमूटभर साखर घाला, तिला कुणाची हरकत नाही. कांदा-मिरची मनाला येईल तेवढी वाढवणं मात्र बंद, कारण त्याने पीएच वर जातो.

त्याच सुमारास आणखी काही रिती मोडीत निघाल्या. गरम जॅम ओतून नुसतं झाकण लावणं, वर मेणाचा थर देणं, बरण्या ओव्हनमध्ये भाजणं. मेणाखाली बुरशी आली तर ती वरवर काढून भागत नाही. बुरशीच आम्ल खाऊन पीएच वाढवते.

2015 मध्ये ओहायोतल्या एका चर्चच्या सहभोजनात 29 जण बोट्युलिझमने आजारी पडले, एक दगावला. बटाट्याच्या सॅलडमधले बटाटे घरीच बरणीबंद केलेले होते, उकळत्या पाण्यात. 1917 मध्ये निकालात निघालेली चूक जवळपास शंभर वर्षांनी, जशीच्या तशी.

2020 मध्ये लोक पुन्हा बरण्यांकडे वळले, झाकणं पुन्हा संपली, आणि नवे लोक पुन्हा त्याच जागी अडखळले. प्रेशर कॅनरचं झाकण लावल्यावर त्याच्या भोकातून वाफ सलग 10 मिनिटं सोडून मगच वजन ठेवायचं असतं. आत हवा राहिली तर दाबमापकाचा काटा योग्य दाब दाखवतो, पण तापमान कमी भरतं. शेंगांच्या क्वार्टला 25 मिनिटं, काट्याच्या कॅनरला दर चौरस इंचाला 11 पौंड दाब, तोही 2000 फूट उंचीपर्यंत. मध्येच दाब उतरला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. घाईने कॅनरवर थंड पाणी ओतलं तर बरणीतला रस बाहेर येतो आणि सील धरत नाही.

हल्ली वाद आहे तो लहान प्रेशर कुकरमध्ये कॅनिंग करण्याचा. क्वार्टच्या किमान चार बरण्या उभ्या मावत नसतील तर ते भांडं कॅनर धरलं जात नाही. कारण छापलेल्या वेळांमध्ये मोठ्या भांड्याच्या सावकाश तापण्या-निवण्यात मिळणारी उष्णताही धरलेली आहे. लहान कुकर झटकन तापतो, झटकन निवतो, आणि तेवढी उष्णता बरणीला कमी पडते.