आनंदमाइड आणि सोळाव्या वर्षातला गांजा

१९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून एक रेणू वेगळा काढला गेला. त्याचं बारसं करताना शास्त्रज्ञांनी चक्क आपला ‘आनंद’ उचलला: आनंदमाइड. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मेंदूच्या ज्या कुलपात जाऊन बसतं, त्याच कुलपाची ही शरीरानं स्वतः घडवलेली किल्ली.

नशा आणणं हे तिचं काम नव्हे. एक पेशी दुसरीला संदेशांमागून संदेश पाठवत सुटली, की ऐकणारी पेशी असे रेणू तिथल्या तिथे बनवून उलट धाडते: पुरे, जरा दमानं. निरोप पोचला, की विकरं त्यांना लगेच मोडून टाकतात. टीएचसी मात्र ठाण मांडून बसतं. ते चरबीत मुरतं, म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा आठवडेन् आठवडे सापडतात.

सोळाव्या वर्षी मेंदूत पेशींच्या नको असलेल्या जोडण्या छाटण्याचं काम जोरात चालू असतं. स्वतःला आवरणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात, की या घडणीतही तीच कुलपं कामाला असतात. मला काळजी वाटते ती इथेच.

स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करात भरतीला आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांवर पुढे १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. अठराव्या वर्षापर्यंत ५० हून अधिक वेळा गांजाची नशा केलेल्यांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण, ती कधीच न केलेल्यांच्या सहापट निघालं. बाकीची कारणं हिशेबात धरल्यावर आकडा बराच उतरला, पण धोका पुसला गेला नाही. आणि तेव्हाचा माल सौम्य होता. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसी १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०२१ मध्ये १५ टक्क्यांवर गेलं.

“भांग तर महादेवाचा प्रसाद,” असं घरातली मोठी माणसंच म्हणतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गांजाच्या व्याख्येतून पानं वगळली आहेत, हे खरं. पण पानांतही टीएचसीच असतं. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण सहातल्या एकाला त्याचं व्यसन जडतं.

मुलगा आधीच ओढत असेल, तरी हात टेकू नका. बोस्टनमध्ये १६ ते २५ वयाच्या, नेमानं ओढणाऱ्या मुलांना महिनाभर गांजा सोडायला लावला. त्यांची नवं लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, तीही मुख्यतः पहिल्याच आठवड्यात.