इनबोर्ड इंजिनचा तेलकट वास: निदान

इनबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन, मागच्या फळीला बाहेरून लावलेलं ते आउटबोर्ड. इनबोर्ड बंद कप्प्यात असतं, वर हॅच आणि खाली बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाचा खोलगट भाग जिथे पाणी, तेल, सगळं जाऊन साचतं. गाडीत बॉनेटखालचा वास वाऱ्यावर निघून जातो, बोटीत तो कोंडतो, मग वायरिंगच्या भोकांतून केबिनमध्ये येतो, गाद्यांना बसतो, आणि लाटेवर डुलताना त्याच वासाने बोट लागते. म्हणून "इंजिन आहे, वास येणारच" म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट. वास पेट्रोलचा असेल तर तपास नंतर, इंजिन बंद आणि कुठलंही बटण दाबायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये बसून राहते आणि एका ठिणगीला पेटते. अमेरिकन पेट्रोल बोटींवर इंजिन चालू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) चालवा आणि बिल्जमध्ये वाफ आहे का बघा अशी पट्टी लावलेली असते ती याचसाठी. ब्लोअर गळती बंद करत नाही, फक्त हवा बदलतो. आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, त्यामुळे केबिनमध्ये त्याचा अलार्म हवाच, नाकावर भरवसा नको.

आता तेलाच्या वाफा येतात कुठून. सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टन रिंगच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तेल असलेल्या खालच्या भागात, उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात, नव्या इंजिनातही थोडा असतो. तो बाहेर पडायला ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारी वाट, दिलेला असतो. पेट्रोल इंजिनात ब्रीदरची नळी सहसा इनटेककडे (इंजिनात हवा घेणारा मार्ग) किंवा त्यावरच्या फ्लेम अरेस्टरकडे (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) जाते म्हणजे वाफ परत जळून जाते, पण जुन्या डिझेलमध्ये बऱ्याचदा नळी नुसती कप्प्यात सोडलेली असते आणि तिथला थोडा वास हा बिघाड नव्हेच. त्याला उपाय म्हणजे ब्रीदरला तेल वेगळं करणारा फिल्टर लावून हवा इनटेककडे न्यायची.

लोक लगेच रिंग गेल्या म्हणतात आणि इंजिन खोलायला निघतात. त्याआधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, बघा. बोटीच्या पंख्याला जोडणाऱ्या शाफ्टच्या उतारामुळे बोटीत इंजिन बरेचदा मागे कलतं बसवलेलं असतं, त्यामुळे डिपस्टिकची खूण त्या कोनासाठी केलेली नसेल तर खुणेपर्यंत भरलेलं तेलही जास्त होऊ शकतं, मग क्रँकशाफ्ट ते घुसळते, फेस होतो आणि ब्रीदरमधून तेल उडतं. लेव्हल बोट पाण्यात असताना बघायची, ट्रेलरवर किंवा किनाऱ्यावर ओढलेली असताना नाही. तेल भरताना नेमके किती लिटर लागले ते लिहून ठेवलं तर हा घोळ होत नाही.

लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर वेगळी गोष्ट. तेल पातळ आणि डिझेलचा वास असेल तर फीड पंपाचा डायाफ्राम किंवा इंजेक्शन पंपाचं सील गेलेलं असू शकतं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. दोन्हीत इंजिन चालवू नका, बेअरिंग जातात.

मग वास कसला हे ओळखायचं. गरम इंजिन ऑईलचा जड वास वेगळा, डिझेलचा वेगळा, गोडसर असेल तर कूलंट, जळक्या रबराचा असेल तर थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पात्यांचं चाक) तुटून एक्झॉस्टच्या रबरी होजला पाणी मिळत नाहीये, ताबडतोब थांबा. सडक्या अंड्याचा असेल तर जास्त चार्ज होणारी बॅटरी बघा. कधी येतो हेही तितकंच महत्त्वाचं. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढत असेल तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) पॅकिंगमधून ठिबकलेलं तेल टर्बोसारख्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा) कोरड्या गरम भागावर भाजतंय. फक्त बोट पुढे चालताना मागून येत असेल तर एक्झॉस्टचा धूरच बोटीमागच्या हवेच्या पोकळीतून परत आत ओढला जातोय, त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, तेव्हा हा वास साधा समजू नका.

जागा शोधायची तर आधी इंजिन आणि बिल्ज डिग्रीझरने धुऊन कोरडं करा, ते पाणी समुद्रात न सोडता कॅनमध्ये भरा. मळक्या इंजिनवर गळती सापडत नाही. खाली पांढरा कपडा पसरून अर्धा तास लोडवर चालवा, तेल खाली आणि मागे वाहतं त्यामुळे डाग जिथे पडला त्याच्या वरचा सगळ्यात उंच ओला भाग शोधायचा. एक नेहमी सुटणारी गोष्ट, ब्रीदरची नळी चोंदली की आतलं प्रेशर वाढून तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं, आणि माणूस सील बदलत बसतो, नवीन सीलही महिन्यात गळतं.

एवढं करूनही ब्रीदरमधून जोरात वाफ येत असेल, निळा धूर असेल आणि तेल कमी होत असेल तर मात्र कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का याची तपासणी. डिझेल तासन्‌तास आयडलवर ठेवलं तर सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन रिंग बसेनाशा होतात. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो, म्हणून इनटेकचा पाइप काढून आत तेल आहे का बघून घ्यावं.

आपल्याकडे कोकणात मासेमारी नौकांची इंजिनं १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत नौका वर ओढल्यावर उघडली जातात. पॅकिंग आणि ब्रीदर तेव्हाच करून घ्यावे, कारण नौका समुद्रात गेली की त्या बंद कप्प्यात हात घालायला फुरसत आणि जागा दोन्ही नसतात.