परण्यापासून गोंधळापर्यंत : मराठवाड्यातल्या लग्नाचं वाजप

लग्न ठरलं की आता घरात किराण्याच्या यादीसोबत गाण्यांचीही यादी निघते. हळदीला कोणती गाणी, नवरी मांडवात येताना कोणतं, हार घालताना कोणतं, पंगती बसल्यावर काय लावायचं, पाठवणीला काय. परभणीत आमच्या भाचीच्या लग्नाची अशी यादी मोबाइलवर वाचून दाखवली जात होती. कोपऱ्यात बसलेल्या मावशीआजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "समदं झालं. पण ह्यात वाजंत्री कुठंय?"

तिच्या त्या प्रश्नासाठीच हे लिहायला बसलो आहे.

लग्नासाठी गाणी निवडायची, ही गोष्टच आपल्याकडे नवी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत लग्न चार-पाच दिवस चालायचं आणि त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज ठरलेला असायचा. तो आवाज कुणी काढायचा हेही ठरलेलं. हळद आणि घाणा बायकांचा, परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक वाजंत्र्यांची, मुहूर्ताची घटका भटजींची, लग्नानंतरची रात्र गोंधळ्यांची. शिवारात काम करणाऱ्या माणसाला आवाजावरून कळायचं, की अमक्याच्या घरी आता हळद लागली, आता नवरदेव मारुतीला निघाला. अख्ख्या गावाचं घड्याळ त्या वाजपावर चालायचं.

सुरुवात व्हायची जात्यापासून. हळद दळायला बसण्याआधी जात्याची पूजा, त्याला सुपारी-हळकुंड बांधायचं आणि पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावायचा. पहिली ओवी गणपतीला, पुढची कुलदैवताला, मग माहेर, भाऊ, मामा, नवरीचं रूप, विहिणीचा मान असं करत दळण सरेपर्यंत गाणं चालायचं. घाणा भरताना दोन मुसळं आंब्याच्या पानांनी एकत्र बांधून बायका उखळात कांडायच्या आणि मुसळाच्या ठोक्यावर गाणं धरायच्या. यात वाद्य कुठलंच नाही. जात्याची घरघर हाच सूर आणि मुसळाचा ठोका हाच ताल. गोदावरीकाठचं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव, त्यामुळे दळताना गाणं आपल्या बायकांना कुणी शिकवायची गरज पडली नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला, आणि त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं माळ्यावर गेलं. ओवी मग लग्नापुरती उरली, आणि पुढे लग्नातही पाच मिनिटांच्या फोटोपुरती.

मांडवाबाहेर वाजंत्री. सनई, तिच्यासोबत एकच स्वर धरून ठेवणारा सूर, संबळ किंवा ताशा, आणि डफडं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या सनईवाल्याला मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. वाजवण्याआधी तो ताडाच्या पानाची पत्ती ओठांत धरून भिजवायचा, मग ती सनईच्या तोंडाला लावून दोन-तीनदा नुसती फुंकर मारून बघायचा. सूर धरणारा त्याचा मुलगा नाकानं श्वास घेत गाल फुगवून वारा तोंडात साठवायचा, म्हणून त्याचा स्वर कधी तुटायचा नाही. डफडंवाले तोवर पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर कातडं शेकायचे. बोटानं टिचकी मारायची, ऐकायचं, पुन्हा शेकायचं. थंडीतल्या पहाटेला कातडं लवकर उतरतं, म्हणून परण्यात दर चौकात असा एक जाळ पेटायचा. हल्ली डफड्याचं पानच प्लास्टिकचं असतं, त्याला शेकावं लागत नाही. ते टणक वाजतं, पण शेकलेल्या कातड्याचा घुमारा त्यात नाही.

परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक. मराठवाड्याबाहेर हा शब्द फारसा कळत नाही. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री, त्यांच्यापुढे नाचणारी पोरं, मागे कलवऱ्या. लग्नाच्या दिवसातला सगळ्यात मोकळा भाग हाच, आणि मुहूर्त टळायचा तोही इथंच.

या वाजपामागची एक गोष्ट न सांगता पुढं गेलो तर ते खोटं होईल. डफडं आणि सनई बहुतेक गावांत मातंग समाजाच्या घरांकडे होती. गावगाड्यात त्यांना त्याबद्दल सुगीला बलुतं मिळायचं, लग्नात टोपी-उपरणं, नारळ, शिधा. त्यांच्या वाजपाशिवाय कुणाचंच लग्न शुभ होत नसे, आणि त्याच लग्नात त्यांची पंगत मांडवाबाहेर, सगळ्यांच्या शेवटी. ज्याच्या फुंकरीवर अक्षता पडायच्या त्याला मांडवात पाय ठेवता येत नव्हता. नव्या पिढीतल्या अनेकांनी डफडं खाली ठेवलं त्यामागं हा अपमान होता, आणि त्यांनी ते ठेवलं ते योग्यच केलं. ती कला गेली म्हणून हळहळायचं असेल तर आधी हे आठवायला हवं.

आता मुहूर्त. घड्याळं नव्हती तेव्हा बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. नेमकी वेळ भरेपर्यंत अंतरपाट धरून उभं राहायचं आणि तोवर मंगलाष्टका म्हणायच्या. जुन्या मंगलाष्टका बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात आहेत. ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर विसावा, मग उरलेली सात. या लांब ओळीमुळे त्या संथ म्हणता येतात, मुहूर्त लांबला तर आणखी चार कडवी जोडता येतात, आणि ज्यांना संस्कृत येत नाही त्यांनाही 'सावधान' कुठं येणार ते ठेक्यावरून कळतं. वेळ भरली की भटजी हात वर करून म्हणणार, "वाजवा!" त्या एका शब्दाबरोबर अंतरपाट खाली, अक्षता वर, आणि सनई, ताशा, डफडं सगळं एकदम. तोपर्यंतची शांतता हाही त्या संगीताचाच भाग होता. 'सावधान' हा शब्द तर आपल्याच मातीत गाजलेला आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबचा नारायण हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा मराठवाड्यात प्रत्येक मंगलाष्टकांना कुणीतरी नवरदेवाला सांगतोच.

मंगलाष्टकांची भाषा बदलली ती एकोणिसाव्या शतकात. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनं, भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टका रचल्या. त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्काचं वचन मागते. मांडवातल्या काव्यात तोवर नवरी गप्पच होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे पुण्याकडचं वारं इथं उशिरा आलं. आपल्याकडे मोठा बदल झाला तो १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. औरंगाबादेत १९५० सालीच मिलिंद महाविद्यालय सुरू झालं होतं, शिकलेली पहिली पिढी तयार होत होती. बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील आलं, आणि मंगलाष्टकांच्या जागी पालीतली जयमंगल अट्ठगाथा. तीही आठच कडव्यांची, आणि प्रत्येक कडव्याच्या अखेरीस 'जयमंगलानि'. अक्षतांच्या जागी फुलं. वरातीत बँडवर भीमगीतं वाजू लागली. वामनदादा कर्डकांसारख्या कवींची गाणी मांडवामांडवांतून घरोघर पोचली. लग्नातलं गाणं कोण निवडतो या प्रश्नाला तेव्हा पहिल्यांदा वेगळं उत्तर मिळालं, असं मी मानतो. परंपरेनं ठरवून दिलेलं वाजप एका समाजानं विचार करून बाजूला ठेवलं आणि आपलं स्वतःचं निवडलं.

बँडचा उगम पलटणींतला. एकोणिसाव्या शतकात जालन्याला इंग्रजांची छावणी होती. औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या संस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांखालच्या फौजेची, ठाणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात मिळवून टाकलं. लष्करी बँडचा गणवेश, झालरीचे खांदे, टोप्या, पितळी वाद्यं हा नमुना देशभरच्या लग्नाच्या बँडनं उचलला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम. सनईचं काम क्लॅरिनेटकडे गेलं, कारण तिला सिनेमाची चाल सहज उचलता येई. सनईवाले, डफडंवाले यांच्यातल्याच अनेकांची पोरं बँडमध्ये गेली. अंगावर गणवेश आला, ठरलेला मोबदला आला, बलुतं सुटलं. बापानं मांडवाबाहेर बसून जे वाजवलं ते मुलगा छाती काढून रस्त्यानं वाजवू लागला. पुढे बँजो आला. १९१२ साली जपानातल्या नागोयात तयार झालेल्या एका तंतुवाद्यापासून आपल्याकडचं बुलबुलतरंग निघालं, त्याला वीज जोडली की झाला आपला बँजो.

मराठवाड्याचं लग्न म्हणजे एकच रीत नव्हे. इथल्या मुसलमान घरांत लग्नाआधीच्या रात्री बायका ढोलकवर दखनी गाणी म्हणतात. सासूला, नणंदेला चिमटे काढणारी ती गाणी आणि आपली विहिणीची गाणी शेजारी ठेवली तर भाषाच तेवढी वेगळी निघते. नांदेडच्या शीख कुटुंबांत गुरू रामदासांच्या चार लावां गायल्या जातात आणि प्रत्येक लावेबरोबर जोडपं गुरू ग्रंथसाहिबाभोवती एक फेरा घेतं. तिथं गाणं हाच विधी. बंजारा तांड्यावर नंगारा वाजतो, पण पाठवणीला तो थांबतो आणि नवरी ढावलो म्हणते. एकेका नातलगाच्या गळ्यात पडून, त्याचं नाव घेत, रडत रडत गायची ती लांब हाक. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर मी ती एकदा ऐकली. त्यानंतर पाठवणीला लाउडस्पीकरवर लावलेलं कुठलंही गाणं मला ऐकवत नाही.

कॅसेट आली १९८० च्या दशकात. सनई कॅसेटवर, मंगलाष्टका कॅसेटवर, हळदीची गाणीही कॅसेटवर, आणि ती बहुतेक मुंबईत भरलेली. म्हणून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लातूर-धाराशिवच्या मांडवात हळदीला कोळीगीतं वाजू लागली. गाणी गोड आहेत, पोरी त्यावर हौसेनं नाचतात, याचा मला आनंदच आहे. पण ज्या दिवशी ती लागली त्या दिवशी घाणा म्हणणाऱ्या बायका गप्प बसल्या, हेही खरं.

मग डीजे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना बाहेर परण्याचा डीजे बंदच झाला नाही. म्हणणाऱ्या काकूंचे ओठ हलताना दिसत होते. 'सावधान' कुणालाच ऐकू गेलं नाही, पुढच्या रांगेनं अक्षता टाकल्या म्हणून मागच्यांनी टाकल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मला आकड्यांपेक्षा टोचतं ते वेगळंच. एकाच पेटीतून हळद, परण्या, लग्न, पंगत सगळं एकाच आवाजात निघतं, आणि शिवारातल्या माणसाला आता आवाजावरून काही कळत नाही.

लग्नानंतरचा गोंधळ मात्र टिकला आहे. माहूर नांदेड जिल्ह्यात, तुळजापूर धाराशिवमध्ये, योगेश्वरी अंबाजोगाईला. देवीची ठाणी घराजवळ, त्यामुळे कुळाचार सोडायला कुणी धजत नाही. गोंधळ्यांत माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजाभवानीचे ते कदमराई. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, मग संबळ. त्याच्या दोन काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं असतं. त्या वाकड्या टोकानं कातडं घासत-दाबत जो घुमणारा बोल निघतो, तो ऐकला की पेंगणारी माणसंही ताठ बसतात. गावोगावच्या देवींना नावानं हाक मारून बोलवायचं, आख्यान लावायचं आणि पहाटे आरती. खंडोबाचं कुळ असेल तर जागरण, वाघ्या-मुरळी, दिमडी आणि तुणतुणं. लोहा तालुक्यातल्या माळेगावची मार्गशीर्षातली यात्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो दिमडीचा ठेका सांगावा लागत नाही.

भाचीच्या यादीत शेवटी दोन बदल झाले. मंगलाष्टका सुरू होताच बाहेरचं सगळं बंद करायचं आणि 'वाजवा' म्हटल्यावर सनई-डफडं वाजायचं, भरून ठेवलेलं गाणं नाही. वाजंत्री पाथरीकडून आले. त्यांचं जेवण वऱ्हाडाच्या पहिल्या पंगतीत वाढायचं, हे भाचीनं स्वतः सांगून ठेवलं होतं. हळदीच्या सकाळी माळ्यावरचं जातं खाली उतरवलं. मावशीआजीला खाली बसता येत नाही, म्हणून तिला पाटावर उशी दिली. तिनं खुंट्याला हात लावला, गणपतीची ओवी म्हणाली, मग कुलदैवताची. तिसरी ओवी अर्ध्यात अडली. जातं फिरत राहिलं, आणि पुढची ओळ भाचीच्या सासूनं उचलली.